बोटीत गेलेल्या पूर्वजाचा शोध : पुण्यात बसून सुरुवात कुठून करायची

आमच्या खापरपणजोबांविषयी घरात एवढंच सांगितलं जायचं : "ते बोटीत गेले." कुठल्या बोटीत असं विचारलं की आजी म्हणायची, रामदास. मीही शाळेत तसंच सांगत फिरलो. पुढे कधीतरी हिशेब केला. रामदास बुडाली १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला जाताना. तेव्हा खापरपणजोबा हयात असते तर नव्वदीच्या पुढे असते, आणि पुरंदर तालुक्यातल्या कुलकर्ण्याला त्या वयात भर पावसाळ्यात रेवसला काय काम?

तिथून सुरू झालेला शोध साडेतीन वर्षं चालला. त्यातली निम्मी वर्षं चुकीच्या कपाटात हात घालण्यात गेली. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळे तिथेच अडकतात. नावापासून सुरुवात करू नका. एकोणिसाव्या शतकातल्या आगबोटीवर डेकवर बसून जाणाऱ्या देशी प्रवाशाचं नाव सहसा कुठे छापलं गेलं नाही. साहेबांची नावं येत, बाकीच्यांचा आकडा येई. म्हणून क्रम असा ठेवा : आधी वर्ष, मग बंदर, मग बोट, आणि शेवटी परत गावाकडे. समुद्रात गेलेल्या माणसाचा कागद सापडतो तो जमिनीच्या दफ्तरात.

सोबत काय हवं

- वंशावळ, निदान पाच पिढ्यांची, हाताने काढलेली चालेल
- घरातल्या जुन्या वह्या, पत्रिका, पोथ्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवरच्या नोंदी, सगळ्याचे फोटो
- आधार कार्डाच्या चार-पाच प्रती आणि "मी अमुक विषयाचा शोध घेत आहे" असा साधा अर्ज. दफ्तरखान्यात जाण्याआधी फोन करून वेळ आणि नियम विचारा; काही ठिकाणी महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र मागतात
- मोडी वाचणारा माणूस. स्वतः शिकायची तयारी असेल तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या वर्गांची चौकशी करा. मी शिकलो. छापील नमुना तीन महिन्यांत वाचता आला, कुलकर्ण्याच्या हातचा कागद वर्षभराने
- शिसपेन्सिल. जुन्या कागदाजवळ शाईचं पेन नेऊ नका
- गुजराती वाचणारा एखादा मित्र. का ते पुढे येईल

१. घरातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करा, पण बोटीचं नाव विचारू नका

बोटीचं नाव विचारलंत की कोकणातला माणूस "रामदास" म्हणतो, नाहीतर "तुकाराम" म्हणतो. तुकाराम आणि जयंती या बोटी नोव्हेंबर १९२७ मध्ये बुडाल्या. या तीन बुडण्यांनी आधीच्या सगळ्या आठवणी गिळल्या आहेत. आजी खोटं बोलत नव्हती. तिला माहीत असलेलं बोटीचं एकच नाव तिने रिकाम्या जागी बसवलं होतं.

त्याऐवजी आडून विचारा. कुठून निघाले होते? कुठे पोचायचे होते? घरी काय आणणार होते? कोणता सण जवळ होता? बातमी घेऊन कोण आलं? माझ्या आत्याला बोटीबद्दल काही सांगता येईना, पण ती सहज म्हणाली, "द्वारकेचा प्रसाद आणणार होते म्हणे. दिवाळी झाल्यावर निघणार होते." आणखी एक वाक्य तिने स्वयंपाकघरात जाता जाता टाकलं : "खापरपणजी मात्र कितीतरी वर्षं कुंकू लावत होती."

ही तीन वाक्यं मी वहीत लिहिली आणि विसरलो. शोध शेवटी त्याच तीन वाक्यांवर उभा राहिला. तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवा, आणि चहा झाल्यावरही ते बंद करू नका.

२. श्राद्धाची तिथी म्हणजे मृत्यूची तिथी नव्हे

हा सगळ्यात मोठा सापळा.

आमच्याकडे खापरपणजोबांचं श्राद्ध माघ अमावास्येला होतं. मी ती मृत्यूची तिथी धरली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बुडालेल्या बोटी शोधत बसलो. मग एका वयस्कर गुरुजींनी विचारलं, "देह मिळाला होता का?" नाही म्हटल्यावर ते हसले.

प्रेत न मिळालेल्या माणसाची उत्तरक्रिया पळसविधीने करतात. पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. माणूस परागंदा असेल, मेला की जिवंत हेच ठाऊक नसेल, तर बारा वर्षं वाट पाहून मग हा विधी करायची रीत होती. मृत्यूची तिथी माहीत नसेल तर श्राद्धाला अमावास्या धरतात. थोडक्यात, तुमच्या घरी एखाद्या पूर्वजाचं श्राद्ध अमावास्येला होत असेल आणि कारण कोणाला सांगता येत नसेल, तर ती तिथी मरणाची नसून न कळल्याची असू शकते.

खापरपणजीच्या कुंकवाचा अर्थ मला तिथे लागला. बारा वर्षं ती सवाष्ण होती.

मग पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. शके १८२२ च्या माघात "पळसविधी" असा खर्च होता : दर्भ, तीळ, दक्षिणा, ब्राह्मणभोजन. पणजोबा तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे.

इथे मी पुन्हा घसरलो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे शाळेत पाठ झालेलं. १८२२ अधिक ७८ म्हणजे १९००, उणे १२ म्हणजे १८८८ चा फेब्रुवारी. त्याआधीच्या वर्षभराची वर्तमानपत्रं चाळली, काही नाही. चूक अशी की शक बदलतो चैत्रात आणि इसवी सन जानेवारीत. पौष, माघ, फाल्गुनात बहुधा ७९ मिळवावे लागतात. शके १८२२ चा माघ म्हणजे फेब्रुवारी १९०१. म्हणजे बारा वर्षं मागे गेलं की फेब्रुवारी १८८९, आणि त्याच्या आधीची दिवाळी १८८८ ची. एका आकड्यापायी पाच महिने गेले.

जुन्या कागदात फसली आणि सुहूर सनही भेटतील. फसलीत साधारण ५९० आणि सुहूरात ५९९ मिळवून वर्ष काढतात. त्यांचीही वर्षं जानेवारीत सुरू होत नाहीत, म्हणून एखादं वर्ष इकडेतिकडे धरूनच चाला. गुजराती कागदात विक्रम संवत असतो आणि तो कार्तिकात बदलतो, त्यामुळे कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा करा, पुढे ५६.

३. वर्ष आणि बंदर हाती आलं की बोट ठरवा

पूर्वज कोणत्या प्रकारच्या जहाजावर होता हे आधी पाहा. गलबत, मचवा, पत्तेमारी अशी शिडाची नौका असेल तर छापील नोंद मिळण्याची आशा कमी. तिथे बंदराचं आणि कस्टम्सचं दफ्तर हाच आधार. आगबोट असेल तर बरंच काही मिळतं. ऋतूही मदत करतो. नारळी पौर्णिमेआधी किनाऱ्यावरची देशी वाहतूक जवळजवळ बंद असे. "आषाढात गलबतातून गेले" असं कोणी सांगितलं तर महिना तरी चुकलाय, नाहीतर जहाज तरी.

द्वारका, दिवाळीनंतर, १८८८. एवढं समोर ठेवल्यावर उत्तर शोधावं लागलंच नाही. माझ्या कच्छी शेजाऱ्याला नुसतं सांगितलं आणि तो म्हणाला, "अरे, ही तर वीजळी!"

बोटीचं खरं नाव वैतरणा. १८८५ साली स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथला बांधलेली, मुंबईच्या शेफर्ड कंपनीची, कच्छ-मांडवी ते मुंबई अशी फिरणारी. विजेचे दिवे होते म्हणून लोकांनी तिला वीजळी म्हटलं. ८ नोव्हेंबर १८८८ ला ती मांडवीहून निघाली, द्वारकेला आणखी माणसं घेतली, हवा बिघडल्याने पोरबंदरला थांबता आलं नाही, आणि ती मुंबईला पोचलीच नाही. शोधायला गेलेल्या बोटींना काही सापडलं नाही. सातशे चाळीसच्या वर माणसं होती असं साधारण धरतात. लोककथेत आकडा तेराशेपर्यंत जातो. लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. सौराष्ट्रात तिच्यावरचं लोकगीत अजून गातात.

मराठी माणूस तिथे काय करत होता? आम्ही घरात यात्रा समजत होतो. पण द्वारका आणि आसपासचा ओखामंडळ तेव्हा गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता आणि संस्थानाच्या नोकरीत मराठी कारकून पुष्कळ होते. खापरपणजोबा तिथे नोकरीला होते हे पुढे कागदांतून कळलं. तुमचा पूर्वज काठेवाड, इंदूर, ग्वाल्हेर असा कुठे "देवदर्शनाला" गेल्याची कथा असेल तर नोकरीची शक्यता जरूर तपासा.

तारखेचा ताळाही इथेच करून घ्या. ८ नोव्हेंबर १८८८ म्हणजे शके १८१०, कार्तिक शुद्ध पंचमी. दिवाळी नुकतीच झालेली. आत्याचं वाक्य बसलं.

इंटरनेटचा एक सापळा. "६ जून १८८२ च्या मुंबईच्या चक्रीवादळात एक लाख माणसं मेली" हे वाक्य तुम्हाला दहा ठिकाणी दिसेल. अभ्यासकांनी त्या काळची वर्तमानपत्रं आणि हवामानाच्या नोंदी तपासल्या. असं वादळ झालंच नव्हतं. मी आमच्या पूर्वजाला काही दिवस त्यातही बुडवून पाहिलं होतं.

बोट लांबच्या मार्गावरची असेल तर यादी वेगळी. उदाहरणार्थ सुएझहून मुंबईला येणारी पी अँड ओ कंपनीची कर्नाटिक सप्टेंबर १८६९ मध्ये तांबड्या समुद्रातल्या प्रवाळावर आदळली. त्यात ३१ जण गेले. अशा बोटींची मापं, मालक, बांधणीचं वर्ष लॉइड्सच्या जुन्या नोंदवह्यांत मिळतं आणि त्या आता घरबसल्या पाहता येतात. ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडचे १८७६ पासूनचे अपघात-चौकशीचे अहवाल साउदॅम्प्टनच्या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवले आहेत. इथल्या सगळ्याच चौकशा त्यात असतील अशी अपेक्षा ठेवू नका. आणि स्पेलिंग पाच-सहा प्रकारे टाकून पाहा. आपल्या नद्यांची नावं साहेबाने ऐकली तशी लिहिली आहेत.

४. वर्तमानपत्रं : दुसऱ्या दिवशीचा अंक उघडू नका

पुण्यात १८४९ पासून ज्ञानप्रकाश आणि १८८१ पासून केसरी व मराठा. केसरी तेव्हा दर मंगळवारी निघे. ८ नोव्हेंबरला गुरुवार होता, म्हणजे पहिला अंक १३ तारखेचा. पण बुडालेल्या बोटीची बातमी हळूहळू येते : आधी "पोचली नाही", मग "शोध चालू", मग "आशा सोडली", आणि कित्येक आठवड्यांनी चौकशी. निदान चार महिन्यांचे अंक पाहा. नारायण पेठेत केसरीवाड्यात आधी विचारा. जुना कागद हाताळू देत नसतील तर रागवू नका, स्कॅन किंवा मायक्रोफिल्म मागा.

मुंबईची इंग्रजी पत्रं जास्त तपशील देतात. टाइम्स ऑफ इंडियाचे जुने अंक प्रोक्वेस्ट या ऑनलाइन संग्रहात आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ती सोय आहे का ते विचारा. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथ संजीवनी या संकेतस्थळावरही चक्कर टाका. वीजळीसारख्या बोटीसाठी मुंबई समाचार सोडू नका, कारण ज्यांची माणसं गेली ते लोक गुजराती वाचत. गुजराती मित्र लागतो तो इथे. माझ्या मित्राने दोन रविवार दिले, बदल्यात चितळ्यांची बाकरवडी घेतली.

एक आडवाट फार थोड्यांना माहीत असते. देशी वर्तमानपत्रांत काय छापून येतंय याचा इंग्रजी गोषवारा मुंबई सरकार दर आठवड्याला काढत असे. तो चाळला की कोणत्या पत्राचा कोणता अंक उघडायचा हे कळतं, आणि आठवडेच्या आठवडे वाचतात.

५. मुंबईचं दफ्तर

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र पुरालेखागार आहे. तिथे मागायचं ते मरीन खात्याचे त्या वर्षाचे आणि पुढच्या वर्षाचे खंड. बुडालेल्या बोटीचा पत्रव्यवहार निम्मा पुढच्या वर्षात असतो. सकाळी डेक्कन क्वीनने जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं काम दिसतं, पण एका दिवसात होत नाही. पहिल्या दिवशी फक्त सूची पाहा आणि मागणी-चिठ्ठ्या भरा.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळ घरून चाळता येतं. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दफ्तर आहे, पण तो खर्च सगळं संपल्यावर करा.

पूर्वज प्रवासी नसून खलाशी असेल, तर वाट वेगळी. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जहाजांचे १८६३ नंतरचे खलाशांचे करार बहुतांश कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. १८६५, १८७५ अशी पाचाने संपणारी वर्षं ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. देशी खलाशांची भरती सारंगामार्फत, म्हणजे त्यांच्या मुकादमामार्फत होई, त्यामुळे नुसतं पहिलं नाव किंवा गावाचं मोडकं रूप दिसलं तरी टिपून ठेवा.

६. परत गावाकडे

मी प्रवाशांच्या यादीमागे वर्ष घालवलं. यादीत आमचं नाव मिळालं नाही. मिळालं ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, कुलकर्णी वतनाच्या कागदांत.

इथला सापळा शब्दाचा आहे. मी "मयत" शोधत होतो. कागदात होतं "परागंदा". बेपत्ता, गैरहजर, देशांतरी गेला, असे शब्दही ध्यानात ठेवा. आमच्या वतनाच्या कामावर १८८९ पासून गुमास्ता, म्हणजे वतनदाराच्या वतीने काम पाहणारा माणूस दिसतो. अर्थात वतनदार कामाला हजर नाही. पुढे वारस म्हणून पणजोबांचं नाव, त्यापुढे "अज्ञान" (म्हणजे वयात न आलेला), आणि पालनकर्ती म्हणून आई. सातबाऱ्यावर अ.पा.क. ही अक्षरं पाहिली असतील, तीच ही. त्या नोंदीच्या शेऱ्यात "बडोदे सरकारचे नोकरीत, द्वारकेहून येताना बोटीसमवेत" एवढे शब्द आहेत. वाक्य पुरंही नाही.

नोंद १८९६ ची का, हे मला आधी कळेना. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षं माणसाची खबर नसेल तर तो जिवंत असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येई. नोव्हेंबर १८८८ अधिक सात म्हणजे नोव्हेंबर १८९५, आणि नोंद त्यानंतरची. सरकारदरबारी ते १८९६ ला गेले आणि घरात १९०१ ला. मधली पाच वर्षं खापरपणजी वतनाच्या कागदावर विधवा होती आणि चुलीपाशी सवाष्ण. कचेरीतल्या त्या बाकावर मी बराच वेळ बसून राहिलो. शिपाई येऊन म्हणाला, साहेब, लंच टाइम.

वतन नसेल तर कुठे पाहाल?

- गावचं जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, म्हणजे नमुना १४. समुद्रात गेलेल्याची नोंद त्यात बहुधा नसते, पण बायको-मुलांच्या नोंदींतून नवऱ्याचं नाव पुढे कधी बंद होतं ते दिसतं. कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून बऱ्याच जिल्ह्यांनी अशी पानं स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकली आहेत
- इनाम असेल तर कौन्सिल हॉलजवळचं पुणे पुरालेखागार, ज्याला पुणेकर अजून पेशवे दफ्तर म्हणतात
- कुलवृत्तांत. छापील असले तरी ऐकीव माहितीवर बेतलेले असतात, म्हणून धागा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नव्हे
- नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या. मुलगा बापाचं करायला गेला असेल तर तिथे पिढ्यांची नावं लिहिलेली असतात. आडनावाबरोबर मूळ गाव सांगा, नाहीतर उपाध्याय शोधू शकत नाही

एका कचेरीत मला सहा खेटे घालायला लावले आणि सातव्यांदा सांगितलं की ही वही शेजारच्या तालुक्यात असते. म्हणून अर्ज करण्याआधी तुमचं गाव तेव्हा कोणत्या तालुक्यात होतं ते तपासा. तालुक्यांच्या हद्दी बदलल्या आहेत.

७. जुळवणी

वहीत तीन रकाने करा : घरचं, छापील, सरकारी. एखादी गोष्ट दोन रकान्यांत स्वतंत्रपणे आली तरच पक्की धरा. आमचं द्वारका घरच्या आणि सरकारी रकान्यात आहे. वर्ष तिन्हींत बसतं. "वैतरणा" हे नाव मात्र फक्त छापील रकान्यात आहे. वतनाच्या कागदात नुसतं "बोट" आहे. म्हणून वंशावळीत मी "बहुधा वैतरणा" लिहिलं. भाऊ म्हणाला, बहुधा काढून टाक, बरं दिसत नाही. मी ठेवलं.

राहता राहिली तिथी. सगळं जुळल्यावर आत्याला विचारलं, आता श्राद्ध कार्तिक शुद्ध पंचमीला करायचं का? तिने वंशावळीचा कागद लांब धरून वाचला, खापरपणजीच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अमावास्या तिने नेमली होती ना? मग ती आपण कशाला बदलायची." यंदाही माघातच केलं.